लाईट नसताना वाजणारा फोन

परवा घरी वायफायचा नवा डबा बसवला. त्याला वेगळा प्लगच नाही... नेटच्याच वायरीतून वीज येते म्हणे. आणि मला एकदम रोह्यातला आमचा पहिला फोन आठवला. नव्वदच्या दशकातला.

फोन लागून आठवडाही झाला नव्हता. भर दुपारी लाईट गेली आणि फोन वाजला! सासूबाई पेणकडच्या, मिठागरात राबलेल्या... सहजासहजी कशावर विश्वास ठेवायच्या नाहीत. म्हणाल्या, "लाईट नाय, मग ह्यो वाजतो कसा गो?"

लाइनमन म्हात्रेकाकांना विचारलं. "वहिनी, एक्सचेंजात बॅटऱ्या हायत. बोलणं जातं त्याच वायरीतून करंट येतो."

मला काही ते पटलं नाही. हा माणूस फोन बसवताना तासभर आमच्या माळ्यावर होता... नक्की मागच्या गल्लीतल्या मीटरवरून तार ओढली असणार, तिकडची लाईट वेगळ्या लाइनवर. उद्या चोरीचा आळ आमच्यावर! गल्लीत चार जणींना मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हापासून लाईट गेली की आम्ही फोनची वायर काढून ठेवायचो.

श्रावणात अंबा नदीला पूर आला. हे नागोठण्याजवळच्या कंपनीत, रात्रपाळी संपवून सकाळी परतायचे होते. आमच्याकडे पहाटेपासून लाईट नाही, रस्ता बंद. कोणी म्हणे कंपनीची बस वाहून गेली... सासूबाई दारातून हलेनात.

दुपारी म्हात्रेकाका आले, नखशिखांत भिजलेले. "साहेब सकाळपासून फोन लावतायत. नुसती रिंग जाते, कोण उचलत नाय. शेवटी त्यांनी एक्सचेंजला फोन केला." बोलता बोलता त्यांची नजर लोंबणाऱ्या वायरीवर गेली. काही न विचारता त्यांनी ती जोडली.

पाच-दहा मिनिटांत फोन वाजला. हेच होते... "आम्ही सगळे दुसऱ्या मजल्यावर आहोत. बस निघालीच नाही." मी पुढे काही विचारणार तोच सासूबाईंनी रिसीव्हर ओढून घेतला. "जेवलास का रे?"

मग त्यांनी काकांना ह्यांचा कोरडा शर्ट दिला, चहा दिला. मी मात्र स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही.

गल्लीतलं माझं बोलणं काकांच्या कानावर आधीच गेलं होतं, हे नंतर कळलं. तरी ते पाण्यातून आले होते.

चार दिवसांनी शर्ट धुऊन, इस्त्री करून परत आला. माझी माफी मात्र त्यांच्यापर्यंत कधीच पोचली नाही.