कोटाचा आतला खिसा

“आरशापुढे सगळेच पोट आत घेतात, माझ्या टेपेपुढे कुणाचं काही चालत नाही,” असं टेलर एकदा म्हणाला होता. पोस्टमनला हे पाठ होतं. तरीही त्या सकाळी त्याने कोटाच्या आत दोन स्वेटर चढवले. चाळीस वर्षांपासूनच्या मित्राला दोन स्वेटरांत गुंडाळता येईल असं वाटणं, यालाच अक्कल गहाण टाकणं म्हणतात.

टेलरचं दुकान म्हणजे गल्लीच्या टोकाची एक खोली. खिडकीशी मशीन, मागे इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात चिंध्यांची टोपली. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्याला इतकी सवय की टाचण्या नसतानाही तो ओठ मिटूनच बोलायचा. दुरुस्तीला आलेल्या कपड्याचे खिसे आधी रिकामे करायचे आणि निघेल ते समोर मांडायचं, हा त्याचा नेम. मग ती किल्ली असो, नाहीतर भलत्याच बाईची चिठ्ठी. घडीचा कागद मात्र त्याने जन्मात उलगडला नाही. पोस्टमननेही जन्मात कुणाचं पाकीट फोडलं नव्हतं. दोघांचं जमलं ते बहुधा यावरच.

दर वर्षी पानगळ सुरू झाली की एक दिवस दुकान बंद, आणि दोघं टेकडीवरच्या रानात. पोस्टमन पुढे, टेलर मागे. बसून जन्म गेलेला तो माणूस धापा टाकत म्हणायचा, “पोस्टमास्तर, जरा दमानं.” पोस्टमन निवृत्त होईपर्यंत पोस्टमनच राहिला होता. ही बढती टेलरने परस्पर दिलेली.

या वर्षी पोस्टमन मागे पडला. टेलर पुढे जाऊन थांबायचा, वाकून बुटाची नाडी बांधायचा. तिसऱ्यांदा वाकला तेव्हा पोस्टमनच्या लक्षात आलं, नाडी सुटलेलीच नाही.

ऊन चढलं. पायाखाली पानं चुरत होती. वरून एखादं पान इतकं सावकाश उतरायचं की त्याला खाली यायचंय की नाही हेच कळू नये. टेलरने आपला कोट काढून खांद्यावर टाकला. पोस्टमनच्या कानामागून घाम ओघळत होता, पण त्याने एक बटण सोडलं नाही. थंडी आहे, असं तो दोनदा म्हणाला. टेलरने दोन्ही वेळा मान डोलावली.

माथ्यावर एका आडव्या खोडावर बसून त्यांनी पाव आणि उकडलेली अंडी काढली. पोस्टमनने अर्धं अंडं खाल्लं आणि बाकीचं मुंग्यांच्या नावाने बाजूला ठेवलं. टेलर म्हणाला, कॉलरवर पान पडलंय, हलू नकोस. पान खरंच होतं. ते काढताना त्याने सवयीने कॉलर आणि मानेच्या मध्ये बोटं घातली. हा कोट त्यानेच शिवलेला, पोस्टमनच्या निवृत्तीला. तेव्हा तिथे दोन बोटं मावायची. आज अख्खा पंजा आत गेला.

“कधीपासून?” टेलरने विचारलं.

“काय कधीपासून?”

“छाती लोकरीने भरते रे. मान नाही भरत.”

पोस्टमनने कोटाचं वरचं बटण सोडलं. मग त्याने आतल्या खिशातून चौघडी कागद काढला. डॉक्टरने मोठ्या दवाखान्यात जाऊन तपासण्या करायला सांगितल्या होत्या, त्याही ताबडतोब. त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. घरी सांगितलं नव्हतं. बायकोच्या जिवाला कशाला घोर, आणि एकदा तोंडातून गेलं की माणसाचा रोगी होतो, मग कुठली टेकडी. ती तर हुकायला नको होती.

टेलरने कागद उलगडला नाही, तसाच परत दिला.

“पुढच्या आठवड्यात जातो,” पोस्टमन म्हणाला.

“मला सांगतोस? ‘परवा या, नक्की देतो’ म्हणत माझा जन्म गेला.”

पोस्टमनला हसू आलं, मग खोकला. तो थांबल्यावर त्याने टेलरचा हात धरला. “तिच्यापाशी एक शब्द काढायचा नाहीस. घे शपथ.”

टेलर म्हणाला, “नाही काढणार. पण घरी गेल्यावर कोट दे मला. लोंबतोय, बघवत नाही.”

एवढ्यावर सुटलो, असं पोस्टमनला वाटलं. कागद त्याने पुन्हा आतल्या खिशात सारला. उतारावर टेलर पुढे राहिला आणि त्याने खांदा मागे धरला. पोस्टमनने त्यावर हात टेकला. खालपर्यंत दोघं याच्या-त्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढत आले.

कोट आपल्या घराच्या दारातच काढून द्यायचा, असं पोस्टमनने मनाशी ठरवलं होतं. पण टेलर सरळ स्वयंपाकघरात शिरला आणि त्याने हात पुढे केला. पोस्टमनला कोट उतरवावा लागला. बायको चहा ओतत होती.

“दोन-दोन स्वेटर? या उन्हात?”

टेलरने कोट टेबलावर पसरला. खडू काढून जुन्या शिवणीच्या चार बोटं आत एक पांढरी रेघ ओढली. मग दुसऱ्या बाजूला तशीच. बायकोच्या हातातली किटली थांबली. ती एका रेघेकडून दुसऱ्या रेघेकडे बघत राहिली.

“भाऊजी, एवढा आत घ्यायचा?”

टेलर नेहमीसारखे खिसे रिकामे करू लागला. पेन्सिलीचा तुकडा. रुमाल. एक तांबडं पान. शेवटी आतल्या खिशातला चौघडी कागद. तो त्याने न उलगडता दोन कपांच्या मधोमध ठेवला. पोस्टमनने हात पुढे केला, तोवर तिचा हात पोचला होता.

टेलरने कोट हातावर टाकला, दारातले बूट पायात सरकवले आणि एक शब्द न बोलता बाहेर पडला.