रेडा घरात, आक्का उन्हात

उन्हाळा लागला की उचगावात सुंदराक्काच्या घरी रेडा सोप्यात आणि आक्का अंगणात, असा प्रकार असे. गावातल्या म्हशी गाभण राहाव्यात म्हणून तिनं पाळलेला तो काळाकभिन्न रेडा भिजवलेलं गोणपाट पांघरून सावलीत रवंथ करत पडलेला, आणि ही विधवा बाई डोक्यावर पदर ओढून उन्हात भात पाखडत बसलेली. बायका तोंडाला पदर लावून विचारत, "आक्का, दाल्ल्याला तरी एवढं जपलं हुतं का?"

"दाल्ला ऊन लागलं की बोंब मारायचा गं. ह्यो मुका हाय."

"तापलेला रेडा दिसाय दांडगा, पर आतनं रिता," असं ती येईल त्याला सांगे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुठली म्हैस कधी दाखवली आणि कधी व्याली, हे सगळं तिच्या ध्यानात असे, त्यावरून तिला ते उमगलं होतं. ऐकणारे हसून सोडून देत.

एका वैशाखात ती लेकीच्या बाळंतपणाला संकेश्वरला गेली. इकडे तिच्या दिराला हौस आली. जत्रेत त्यानं रेड्याला लोकरीची झूल घातली आणि हलगीच्या तालावर दिवसभर उन्हात मिरवला. दिराला बिचाऱ्याला रेड्याचा मानच करायचा होता. रेडा तापानं फणफणला, पण चार दिवसांत वैरण खाऊ लागला. लोकांच्या लेखी विषय संपला.

पावसाळ्यात आमची मोरी म्हैस दोनदा त्याला दाखवली. दोन्ही वेळा गाभण राहिली नाही. लढाईतल्या महागाईचे दिवस होते, घर मोरीच्या दुधावर चाललेलं. "वांझ निघाली," अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले आणि त्यांनी खाटकाला सांगावा धाडला. मी गोठ्यात जाऊन मोरीच्या गळ्यात पडून रडले.

खाटकाचा माणूस आला त्या सकाळी लेकीकडून नुकतीच परतलेली आक्का आमच्या दारात उभी राहिली. गल्ली जमली होती.

"दावं सोडू नगं रं," ती अण्णांना म्हणाली. "म्हशीत खोट न्हाय. माझ्या रेड्यात हाय. उन्हानं रिता झालाय त्यो. दोन म्हैनं कळ काढ. न्हाय फळली तर माझी दुभती म्हैस ने."

रेड्यावर तिचं पोट होतं, आणि हे ती चारचौघांत बोलत होती. अण्णांनी कळ काढली. भादव्यात मोरी त्याच रेड्यापासून गाभण राहिली.

पण तोवर गाव शेजारच्या गावच्या रेड्याकडे जाऊ लागलं होतं, ते परत फिरलं नाही. चैत्रात रेडा विकून आक्का लेकीकडे कायमची गेली. मोरीचं रेडकू तिनं पाहिलंच नाही.

पुढं माझं लग्न निपाणीला झालं. मूल झालं नाही. सासूनं मला वांझ ठरवून सवत आणली. तिलाही मूल झालं नाही. आता तरी घरातलं कुणी बोलेल असं मला वाटलं, पण कुणी बोललं नाही. नवराही नाही. त्या दिवसांत आक्काची फार आठवण यायची, अजून येते. काम करता करता माझी नजर दाराकडे जायची.

मोरीसाठी एक बाई येऊन उभी राहिली होती. माझ्यासाठी कुणी आलं नाही.