धनलालभाऊंची व्हॅन

फोन आला तेव्हा धनलालभाऊंची व्हॅन माझ्याच अंगणात विटांवर उभी होती. मागचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं, गंजून गळणाऱ्या ब्रेक पाइपच्या जागी नवा पाइप आदल्या संध्याकाळीच बसवलेला. पाइपमध्ये शिरलेली हवा तेवढी काढायची राहिली होती. "सकाळी येतो जी," म्हणून ते गेले होते. मी वाट बघत होतो... तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाला.

आमची मैत्री म्हातारपणीची. त्यांची उभी हयात सरकारी जीपवर ड्रायव्हर म्हणून इटियाडोह धरणाच्या कालव्यांवर गेली. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी व्हॅन घेतली आणि तिचं एकेक काम स्वतःच्या हातानं केलं. गॅरेजचं नाव काढलं की म्हणायचे, "आपला ब्रेक दुसऱ्याच्या हाती कायले द्यायचा?" धानाच्या बांध्यांतून फिरणारी गाडी, चिखलानं काही ना काही गंजायचंच. माझी पत्नी गेल्यापासून, म्हणजे गेली आठ वर्षं, ही सगळी कामं माझ्या अंगणात व्हायची. माझं अंगण सिमेंटचं, जॅक खचत नाही, म्हणून येत असतील असं मी धरून चाललो होतो.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं होऊन हवा सोडायचं निपल सैल करायचं. बाटलीत बुडबुड्यांसकट तेल उतरतं. निपल पुन्हा कसलं की मगच पाय उचलायचा. मी कायमचा पायवाला, आणि आधीच पाय उचलायची माझी खोड काही गेली नाही. खालून आवाज यायचा, "काऊन सोडला जी? घेतली ना पुन्हा हवा." जन्मभर पोरांवर ओरडलेला मास्तर मी, तिथं गुमान ऐकून घ्यायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. मला रागावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

ते गेल्यावर महिनाभर गाडी तशीच राहिली. चौकातला मेकॅनिक दोनदा विचारून गेला, मी टोलवलं. हवा निघाली की गाडी जाणार, आणि ती गेली की माझ्या अंगणात कुणी यायला कारणच उरणार नाही, ही भीती होती. दुपारभर खुर्ची टाकून मी तिच्याकडे बघत बसायचो... बोलायला कुणी नसलं की दुपार संपता संपत नाही.

शेवटी धनलालभाऊंच्या पत्नी, वहिनीच आल्या. मुलगा नागपूरला परतला होता, घरी त्या एकट्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुमी खाली व्हा. ब्रेक मी दाबते." कधी दाबायचं, कधी सोडायचं, हे मी समजावू लागलो. "मले माहीत आहे," म्हणत त्या चप्पल काढून सीटवर बसल्या. मी पहिल्यांदाच पाना घेऊन खाली आडवा झालो. वहिनींचा पाय एकदाही चुकला नाही.

"तुम्हाला कसं येतं हे?" काम आटोपल्यावर मी विचारलं.

"पयले घरीच करत होते ना. मीच दाबून देत होती. तुमची बाई गेली तवा म्हणाले, गुरुजी एकटेच बसून राहतेत, मी गाडी तिकडं नेतो." चप्पल पायात सरकवत त्या म्हणाल्या, "आमचं आंगन बी सिमेंटचंच आहे, गुरुजी."

आठ वर्षं मी त्यांना मदत करतोय, अशी माझी समजूत होती. चांगला लागणारा ब्रेकसुद्धा ते अधूनमधून उघडून बसायचे, त्याला मी ड्रायव्हरची हौस म्हणायचो... तेलकट हात पुसत मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

संध्याकाळी चाक बसवून व्हॅन हळूहळू चालवत वहिनींच्या दारात नेऊन लावली आणि पायी घरी आलो. गाडी आता ठणठणीत आहे. तरी येत्या रविवारी पाना घेऊन जाणार आहे. पुढच्या चाकात जरा आवाज येतो, असं वहिनींना सांगून ठेवलं आहे.