हिरामण मिस्त्रीच्या भिंतीला जोड

आमचे गुणवंता मिस्त्री कोणाले भेत नाहीत, असं सारं लोधीखेडा म्हणते. मी त्यांची बायको, मले विचारा. ते बापाले भेतात, अन् बाप जाऊन नऊ वर्षं झाली.

अंगणवाडीच्या अर्चनाबाईंनी आपल्या घरामागच्या बागेले भिंत सांगितली. जुनी भिंत अर्धी होतीच, तिच्या टोकापासून नवी पुढं न्यायची. ती जुनी माझ्या सासऱ्यांनी, हिरामण मिस्त्रींनी बांधलेली. जोड पक्का करायचा तर जुन्या भिंतीत दर चार थरांनी खाचा करायच्या अन् नवी वीट आत घुसवायची. पंधरा वर्षं यांच्यासोबत सिमेंट-रेतीचा मसाला कालवून राहिली, एवढं मलेही समजते.

यांनी छन्नी टेकवली अन् उचलून घेतली. "बाबाच्या कामावर हातोडा नाही मारत मी," म्हणे. नवी भिंत नुसती जुनीले टेकवली अन् वरून गिलावा फिरवला. मी बोलली, "हे बरं नाही." तर मले म्हणतात, तू रेती चाळ.

महिन्याभरानं मी तिकडून जाऊन राहिली होती. झाडांच्या पाण्यानं जमीन बसली होती अन् जोडावर वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी भेग. त्याच्याच खाली बाईंची नात शिवानी चूल-बोळकी मांडून बसलेली, पाच वर्षांची पोर. तिले घरात धाडलं अन् पळत घरी आली.

ऐकून यांनी ताट सरकवलं. "उद्या पाहू," म्हणाले. संध्याकाळी वाऱ्याचं वावधन सुटलं, छपराच्या टिना वाजायला लागल्या, तसे हे दारात जाऊन उभे राहिले.

"पोरगी घरात असंन न?"

"असंन," मी म्हटलं. मले तरी काय माहीत. भेवापायी मले रागच आला. "बाबाच्या विटा पोरीपेक्षा जास्त झाल्या काय तुमाले?"

ते दार लावून आत आले. सकाळी मात्र माझ्या आधी तयार होते.

"बाई, चूक माझी आहे. पोरीले आत घ्या," एवढंच अर्चनाबाईले सांगितलं अन् नव्या भिंतीले खांदा लावला. एकाच रेट्यात जोडाकडचा सारा तुकडा आडवा झाला, शिवानीच्या बोळक्यांवर. बाईंनी पोरीले घट्ट धरलं.

मग यांनी जुन्या भिंतीच्या टोकावर छन्नी धरली. पहिल्याच ठोक्याले गिलावा निघाला, आत नुसती माती. बोटानं उकरली तर वीटभर खाच. चार थर खाली आणखी एक. त्याच्या खाली आणखी. मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, पुढच्या भिंतीसाठी खाचा सोडून ठेवल्या होत्या, मातीनं बुजवून.

यांनी खाचेत हात घातला. "लीला, बाबानं जागा ठेवली होती," म्हणाले. पण पाहत होते विटांखाली चेपलेल्या त्या बोळक्यांकडे.