सुनीतीबाईंची दोन मुलींची शाळा

सुनीती पाटोळे यांनी १९८७ च्या जुलैत घरी शाळा सुरू केली, ती काही हौसेने नव्हे. त्यांची थोरली मुलगी एस्तेर अकरा वर्षांची होती. वर्षभर ती चालता चालता पडायची. पाचवीपर्यंत कसंबसं निभावलं, पण सहावीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एका मुलीसाठी वर्ग खाली कसा आणू? आणि जिन्यावरून पडली तर जबाबदारी कुणाची?" सुनीतीबाई मुलीचा दाखला घेऊन घरी आल्या.

पाटोळे मूळचे अहमदनगरचे, ख्रिस्ती. सुनीतीबाईंचे यजमान शरदराव रेल्वेत कारकून होते. बदली होऊन बनारसला आले आणि तिथल्या सिगरा भागात तळमजल्यावर भाड्याने राहिले. लग्नाआधी सुनीतीबाई नगरला प्राथमिक शाळेत शिकवत, तेवढाच काय तो आधार. धाकटी पद्मा आठ वर्षांची. ताई घरी तर मीही घरी, म्हणून ती हटून बसली. एकीपेक्षा दोघी असलेल्या बऱ्या, असं वाटून सुनीतीबाईंनी तिचंही नाव शाळेतून काढलं.

सकाळी आठला एक स्तोत्र, मग गणित आणि हिंदी. जेवणानंतर मराठी, ते दोघींना नको असायचं. शनिवारी शहर पाहायला जायचं. ऑगस्टात सारनाथ झालं. एस्तेरने स्तूपाभोवती पूर्ण फेरी मारली, घरी येऊन वहीत चित्र काढलं. सुनीतीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "सुधारतेय हो. शाळेच्या धावपळीनेच थकत होती."

नोव्हेंबरात त्या मुलींना अहिल्याबाई घाटावर घेऊन गेल्या. उतरणं जमलं. दोघी पाण्यात पाय सोडून बसल्या आणि आईकडून इंदूरच्या अहिल्याबाईंची गोष्ट ऐकली. निघायच्या वेळी मात्र एस्तेरला उठताच येईना. आईने उभं केलं, तर पहिल्याच पायरीवर तिचे गुडघे दुमडले. सुनीतीबाईंनी तिला उचललं, चार पायऱ्या चढल्या आणि धापा टाकत खाली बसल्या.

"आई, सोड मला. तूही पडशील."

छत्रीखाली बसलेले एक वयस्क पुरोहित मराठी ऐकून पुढे आले. गोपीनाथशास्त्री त्यांचं नाव. घराणं कित्येक पिढ्या काशीत, त्यामुळे मराठीत हिंदी मिसळलेली. "घबराऊ नका, ताई. आपण कुठले?"

"नगरचे. पाटोळे." आणि मग, लपवल्यासारखं नको म्हणून, "ख्रिस्ती आहोत आम्ही."

"असाल. पोरीला आधी पाणी पाजा." त्यांनी एका नाववाल्याला हाक मारली. त्याने एस्तेरला पाठीवर घेतलं आणि रिक्षापर्यंत नेऊन पोचवलं. वाटेभर एस्तेरने तोंड फिरवलेलं होतं. माणसं बघत होती.

डिसेंबरात मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. स्नायूंचा आजार आहे, म्हणाले. औषध नाही, हळूहळू वाढत जाणार. शरदरावांनी विचारलं, "मालिश? आयुर्वेद? मुंबईला नेलं तर?" डॉक्टर म्हणाले, "नेऊन पाहा." त्यांच्या आवाजावरूनच दोघांना काय ते कळलं. मुंबईलाही जाऊन आले. तिथेही तेच ऐकलं.

फेब्रुवारीत विद्यापीठातलं संग्रहालय पाहायला गेले असताना पद्मा दिसेनाशी झाली. शोधलं तर गणवेशातल्या मुलींच्या एका रांगेत शेवटी उभी होती, त्यांच्यातलीच असल्यासारखी. सुनीतीबाईंनी दंड धरून तिला बाहेर ओढलं.

घरी आल्यावर पद्मा म्हणाली, "मला शाळेत जायचंय."

"आणि ताई?"

"ताईशी मी झगडा पण नाही करू शकत. ती रडली की तू मलाच रागावतेस. मी जिंकले तरी रागावतेस." पद्मा हमसाहमशी रडू लागली. पलंगावरून एस्तेर म्हणाली, "जाऊ दे ना तिला, आई."

सुनीतीबाईंना दोघींपैकी कुणाच्याही डोळ्यांत पाहवेना. एकीला अडवावं तर तिचं बालपण जातं, जाऊ द्यावं तर दुसरी एकटी पडते. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी काय म्हणता म्हणून विचारलं, तर "ठीक आहे" एवढंच म्हणाल्या. जुलैत पद्माला शाळेत घातलं.

पुढच्या वर्षी शरदरावांनी चाकाची खुर्ची आणली. शनिवारचं फिरणं सपाट रस्त्यांपुरतं उरलं, नंतर तेही बंद पडलं. घरची शाळा मात्र चालूच राहिली. आठवीच्या पुस्तकांपर्यंत पोचता पोचता एस्तेरच्या बोटांत पेन धरायचीही ताकद राहिली नाही.

त्या मार्चमध्ये सुनीतीबाईंनी वार्षिक परीक्षा घेतली. प्रश्नपत्रिका त्यांनीच काढलेली. एस्तेर उत्तरं सांगायची आणि त्या लिहून घ्यायच्या. भूगोलाच्या पेपरात गोदावरीचा उगम विचारला होता. एस्तेरने बराच विचार केला.

"महाबळेश्वर," ती म्हणाली.

सुनीतीबाईंचा हात थांबला. दोन वर्षांपूर्वी एस्तेर हे झोपेतही बरोबर सांगायची.

"लिहिलंस?"

"पुन्हा एकदा विचार करून बघ हवं तर."

"शाळेत मुलांना असं सांगतात का परीक्षेत? लिही."

त्यांनी महाबळेश्वर लिहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला.