डोम अडकला आणि सत्कार लांबले

आधी जनार्दनकाकांचं नाव घेतो. ओवे गावचे, बागेच्या गेटवरचे वॉचमन. ते नसते तर मी आज पनवेलात नसतो. वाशिमकडे माझ्या गावी परत गेलो असतो, आणि नववीत शाळा सोडलेल्याला तिथं काय काम मिळतं ते मला ठाऊक आहे.

उद्घाटनाची संध्याकाळ होती. बागेतली जुनी वेधशाळा, म्हणजे दुर्बिणीतून आकाश बघायची जागा, कैक वर्षं बंद होती. तिच्या दुरुस्तीतलं लोखंडकाम माझ्याकडे. वरच्या घुमटाला आम्ही डोम म्हणतो. त्याला एक उभी फट असते. डोम गोल रुळावर चाकांनी फिरवायचा आणि फट चंद्रासमोर आणायची. खाली मांडवात पाहुणे जमले होते. मी ट्रायल घ्यायला वर गेलो, हँडल फिरवलं. डोम जागचा हलेना.

फट खांदा कॉलनीच्या बिल्डिंगांकडे. चंद्रकोर मावळतीला.

साइट इंजिनीअर साहेब धावत वर आले. "काल फिरत होता ना?"

"लोण्यासारखा फिरत होता जी."

टॉर्च मारला. रूळ हिरवागार. चाकंही हिरवी. पाहुणे येणार म्हणून दुपारी रंगाऱ्यानं दिसेल त्याला ऑइलपेंट फासला होता. चाकं रुळाला चिकटून बसली होती.

"मला कारणं नकोत," साहेब म्हणाले. "डोम नाही फिरला तर उद्या गावची गाडी पकड."

रंग सोडवायचं थिनर आणायला खाली उतरलो. जिन्याशी काका उभे.

"काय झाला रं बाला? तोंड कशाला उतरलाय?"

सांगितलं.

"टाइम किती लागंल?"

"अर्धा-पाऊण तास तरी."

"जा तू वर. खालचा मी बघतो."

मी वर पत्र्याच्या पट्टीनं रंग खरवडत होतो. खाली काकांनी काय केलं ते मला नंतर कळलं. ते थेट माइकवाल्याकडे गेले. "आमच्या ओव्याच्या मंडलीचा सत्कार नाय? ती उठून चाललीत!"

कुणीही उठलं नव्हतं. पण गाववाल्यांना रुसवून कार्यक्रम कोण करणार? लगेच शाल-नारळ सुरू झाले. एकाला शाल दिली की शेजारच्यालाही द्यावी लागते. लाउडस्पीकरवर "आता शेवटचा सत्कार" ऐकलं की मी पट्टी आणखी जोरात चालवायचो. मग परत, "एक नाव अनवधानानं राहून गेलं..." त्या अनवधानाला मी हात जोडले.

शेवटी हँडलला सगळा जोर लावला. कर्र झालं, एक झटका बसला, आणि डोम सरकला. पाहुणे जिना चढून आले तेव्हा फटीत कोर होती.

"फार बसवलंत हो," प्रमुख पाहुणे म्हणाले. मग दुर्बिणीला डोळा लावला आणि तो काढेचनात.

साहेब गाडीचं काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "ग्रीस मार उद्या."

एवढं शिकलो. फिरणाऱ्या वस्तूला रंग लावत नाहीत, आणि रंगारी गेल्याशिवाय साइट सोडत नाहीत.

काकांनी अजून दुर्बिणीतून काही पाहिलेलं नाही. जिन्याला धरायला काही नाही आणि त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. त्या जिन्याला मी कठडा बसवणार आहे, माझ्या सुट्टीत, माझ्या हातानं. पहिल्यांदा त्याला धरून काकाच चढतील.