वारा कोठे शे, लाट कोठे शे

बशीत चहा ओतला की ती लगेच प्यायची नाही. बशी दोन्ही हातांनी तोंडासमोर धरायची, अलीकडच्या काठावरून हळूच फुंकर मारायची आणि पलीकडच्या काठाला चहा कसा जाऊन लागतो ते बघत बसायची. मग स्वतःशीच हसून तिच्या अहिराणीत म्हणायची, "वारा कोठे शे, लाट कोठे शे!" म्हणजे वारा कुठे आहे आणि लाट कुठे आहे. स्टाफरूममधल्या सगळ्या बाया हसायच्या. मी नाही हसायचे. काय हे नाटक! चहा प्यायचाय तर पी ना बाई.

नाव सांगत नाही तिचं. पाचोऱ्याला आमच्या मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायला आली, तेव्हा मी तिथे चौदा वर्षं भूगोलच शिकवत होते. दहावीचा वर्ग माझा. आता खोटं कशाला बोलू, मी जळायचे तिच्यावर. तुमच्याही ऑफिसात, गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं काही म्हणजे काही वाईट नसतं आणि नेमकं तेच आपल्याला सहन होत नाही.

धरणगावकडची, कपाशीवाल्यांच्या घरातली. एम.ए. बाहेरून केलेलं. समुद्र जन्मात पाहिलेला नाही आणि वेड कशाचं, तर लाटांचं! रोज पेपरातला हवामानाचा नकाशा कापून वहीत चिकटवायची. कमी दाबाचा पट्टा कुठे सरकला, वारे कुठून कुठे वळले, आणि त्याखाली पेन्सिलीने लिहायची, आता कोकणात लाटा अमुक दिवशी पोचतील. पोचल्या की नाही हे पाचोऱ्यात बसून कोण सांगणार होतं? पण हिचं लिहिणं चालूच.

लाटांचा धडा मी एका तासात उरकायचे. 'वाऱ्यामुळे लाटा निर्माण होतात', मुलींनो खाली रेघ मारा, चला पुढे. एकदा नववीच्या वर्गावरून जाताना तिचा आवाज ऐकला आणि दाराआड थांबले.

"गिरणेला पूर येतो तेव्हा दरवेळी आपल्याकडे पाऊस असतो का गं?"

"नाही बाई!" सगळा वर्ग ओरडला.

"मग पाणी कुठून येतं?"

"वरून! कळवणकडून!"

"तसंच लाटेचं. हजार मैल आत समुद्रात वादळ होतं. वारा तिथेच घुमतो आणि लाट मात्र चालत निघते. किनाऱ्यावर लख्ख ऊन, झाडाचं पान हलत नाही, अन् लाट येऊन धडकते. वारा किती जोराचा एवढंच बघायचं नाही. किती दिवस वाहिला, केवढ्या पाण्यावरून वाहिला, तेही बघायचं."

माझं माहेर गिरणाकाठचं. उन्हात आलेले पूर मी लहानपणापासून बघितलेले. आणि चौदा वर्षांत हे मला सुचलं नाही! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यात मुली तिच्यासाठी गजरे आणायच्या, मधल्या सुट्टीत तिच्याभोवती घोळका करायच्या. माझ्या तासाला जांभया द्यायच्या मेल्या.

मग कुजबुज सुरू झाली. पुढच्या जूनपासून दहावीचा भूगोल तिला देणार. मुख्याध्यापिका माझ्याशी बोलल्या नव्हत्या, पण शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला अन्न गोड लागेना. दहावीची बाई म्हणून बाजारात मला लोक ओळखायचे. तेवढंच तर कमावलं होतं मी.

त्या वर्षी दिवाळीनंतर दहावीची सहल कोकणात गेली. प्रमुख मी, मदतीला ती. सकाळी किनाऱ्यावर पोचलो तर समुद्र कसा तळ्यासारखा, वारा अजिबात नाही. मुली किंचाळतच वाळूत पळाल्या. ही मात्र पाण्याकडे तोंड करून उभी, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवत होती. पहिल्यांदा समुद्र पाहिला तर माणूस हात जोडेल, पाय भिजवील. ही मोजत बसली!

थोड्या वेळाने ती माझ्याजवळ आली. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"अक्का, दोन लाटांमध्ये चौदा सेकंद जाताहेत. ही लाट इथली नाही. जवळच्या वाऱ्याच्या लाटा भराभर येतात. काल रेडिओवर सांगितलं ना, अरबी समुद्रात खूप आत वादळ आहे, तिथली शे ही."

"पण समुद्र तर शांत आहे."

"तेच तर! मध्ये बराच वेळ शांत राहतं, मग चार-पाच मोठ्या एकदम येतात. मुलींना त्या कातळावर नेऊ नका."

फोटोसाठी मी तोच कातळ पाहून ठेवला होता. दहावीच्या मुली आणि मधोमध मी. मी म्हटलं, "अगं, कातळ कोरडा ठणठणीत आहे. गिरणाकाठची आहे मी. दगड कोरडा म्हणजे पाणी तिथवर येत नाही, एवढं मला कळतं. आणि मी समुद्र तीनदा पाहिलाय. तू आज बघतेयस."

तीही आमच्याबरोबर कातळावर आली आणि सगळ्यांत खालच्या बाजूला, फोटोवाल्याकडे पाठ करून उभी राहिली. "इकडे बघा की बाई," तो ओरडत होता. ही समुद्रावरची नजर हलवेना. मला वाटलं, फोटोतसुद्धा हिला वेगळं दिसायचंय.

"पया वं पोरीस्वन, पया!"

आजवर तिला मी असं गावातल्यासारखं ओरडताना ऐकलं नव्हतं. मुली वर धावल्या. पहिली लाट आमच्या पायांपर्यंत आली, दुसरी कमरेपर्यंत. एक मुलगी घसरली आणि परतणाऱ्या पाण्याबरोबर खाली सरकत निघाली. हिने आडवं पडून तिची वेणी पकडली. एका हातात वेणी, दुसऱ्या हाताची नखं कातळाच्या भेगेत. तिसरी लाट दोघींवरून गेली. मी वर उभी राहून नुसती बघत होते. पाणी ओसरलं तेव्हा दोघी होत्या जागेवर. मुलीचा हात मोडला होता आणि हिचं कोपर हाडापर्यंत सोललं होतं.

पाचोऱ्याला आल्यावर मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघींना बोलावलं. मुलीचे वडीलही बसले होते, टोपी मांडीवर ठेवून.

"कातळावर मुली गेल्याच कशा?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, उघडलं होतं. पण जीभ वळेना. बाजारातले लोक डोळ्यांसमोर आले.

मुख्याध्यापिका तिच्याकडे वळल्या. "तुम्ही लाटांचं एवढं शिकवता. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चुकलं, मॅडम."

संपलं. तिला पाचवीचे वर्ग दिले. स्टाफरूममध्ये ती पूर्वीसारखीच यायची, मला "अक्का" म्हणायची, माझ्यासाठी खुर्ची सरकवायची. मी तिच्यात राग शोधायचे. सापडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

एप्रिलमध्ये तिला धुळ्याकडच्या एका शाळेत नोकरी लागली. ती निघाली त्या दिवशी मी स्टँडवर गेले. का गेले, माहीत नाही. गाडी लागली होती. ती खिडकीपाशी बसली होती, मांडीवर त्या नकाशांच्या वह्या.

मी खालूनच विचारलं, "तू तेव्हा खरं का सांगितलं नाहीस गं?"

ती म्हणाली, "अक्का, तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते मी."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा मला लगेच कळतो. तिला खरंच तसं वाटलं होतं, माझ्याबद्दल. आणि काय सांगू तुम्हाला, त्याही क्षणी माझ्या मनात आलं, हे असं वाटणंसुद्धा हिलाच कसं जमतं!

गाडी गेली. जूनमध्ये नवं वेळापत्रक फलकावर लागलं. दहावी, भूगोल, त्यापुढे माझं नाव. आजूबाजूला कोणी नव्हतं आणि हातात पेन होतं. वाटलं, हे नाव खोडावं आणि आत जाऊन मॅडमना सगळं सांगून टाकावं.

खोडलं नाही. निवृत्त होईपर्यंत दहावीचा भूगोल मीच शिकवला.